हरताळाच्या दिवशी बदललेला फिल्टर

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मला धड रडायलाही सुचत नव्हतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी दादरभर कडकडीत हरताळ, आणि माझं बाळ तापानं फणफणलेलं. दिरांच्या जुन्या पिकअपचा पेट्रोलचा फिल्टर गाळानं तुंबलेला. भावजींनी तासभर खटपट करून ठेवणीतला नवा बसवला, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. नाक्यावर पोरांनी अडवली.

“इंजिन बंद करा. आज हरताळ आहे.”

“अरे, बाळाला परळच्या इस्पितळात न्यायचंय!”

“मग बसा वहिनी, आम्ही ढकलतो.”

आणि खरंच घोषणा देत ढकलू लागली. बाळ तर डोळेही उघडेना. भावजी चाक धरून हताशपणे म्हणाले, “वहिनी, फिल्टर बदलला नसता तरी चाललं असतं.”