साडूंची शांती

...नाही, माणसानं शांत व्हावं, मी कुठं नको म्हणतोय? पण किती व्हावं? काही सुमार? माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, छापखान्यात मॅनेजर आहेत. सहा महिन्यांपूर्वी हा माणूस लिफ्ट यायला उशीर झाला तर शिव्या घालायचा. कुणाला? लिफ्टला! आणि आता? परवा त्यांच्या कोऱ्या गाडीला मागून एकानं ठोकलं, तर हे खाली उतरले, डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि त्या ठोकणाऱ्यालाच विचारतात, "तुम्हाला कुठं लागलं नाही ना?"

मी जळत नाही हं! मी कशाला जळू?

पण आमची बायको! सकाळी चहाचा कप माझ्यापुढे आदळते आणि सुरू, "भाऊजींनी चहा सोडला. भाऊजींची पाठ दुखायची थांबली. भाऊजींचं पोट बघा, नाहीतर..." आणि पुढे बोलतच नाही, नुसती बघते. माझ्या पोटाकडे! अहो, माझं चपलाबुटांचं दुकान. तीस वर्षं लोकांच्या पायाशी वाकतोय, वरच्या फळीवरचे खोके काढायला शिडी चढतोय, एकेक बाई सतरा जोड घालून बघते नि म्हणते, "ह्यातच निळा नाही का हो?" पाठ दुखणार नाही तर काय होणार? वर रक्तदाब! डॉक्टर म्हणाले, "गोळी देतो, पण मनावरचा ताण कमी करा." म्हटलं, "डॉक्टर, ताण नाहीये. साडू आहेत."

शेवटी साडू जातात त्या योगाच्या वर्गात बायकोनं माझं नाव घातलंच. शरीर आणि मन एकत्र बरं करतात म्हणे तिथे. सकाळी सहाला! मोठा हॉल, चटया, आणि शिकवणाऱ्या बाईंचा आवाज असा मऊ, की ऐकताना आपणच कुणाचा तरी अपराध केलाय असं वाटावं. "आता आपल्या डाव्या गुडघ्याचे आभार माना..." आभार? त्यानंच तर मला शिडीवर दगा दिला! आणि साडू कुठं? पहिल्या रांगेत! पांढरेशुभ्र कपडे, कणा ताठ. बाई म्हणतात, "ह्यांचा चेहरा पाहा सगळ्यांनी... काय समाधान आहे!" आम्ही पाहिला. मी तर आधीपासून एका डोळ्यानं तेच करत होतो. "मागचे काका, डोळे मिटा!" सगळा हॉल वळला माझ्याकडे.

तरी मी जळत नाही, तुम्हाला सांगतो!

मग नुसतं उताणं पडायचं होतं. पडलो... आणि डोळे उघडले तेव्हा हॉल रिकामा! लोक चटया गुंडाळून गेले, मी घोरतोय! शेजारी फक्त साडू बसलेले. म्हटलं, झालं, आता बायकोपर्यंत बातमी जाणार. तर ते हळूच म्हणाले, "साडूभाऊ... हे तुम्हाला कसं जमतं?"

"काय?"

"झोप. मी चार महिने धड झोपलेलो नाही."

आणि सांगत सुटले हो! छातीत कळ यायची, तपासण्या झाल्या, हृदयाची एक नळी अरुंद झालीय, डॉक्टर म्हणाले लवकर उपचार करून घ्या. आणि हे घरात कुणाला न सांगता इथं श्वास घेत बसलेत! "डोळे मिटले की फक्त धडधड ऐकू येते," म्हणाले. "बाईंना वाटतं समाधान. मी घाबरलेला असतो." मी हात धरला, गारठलेला होता.

खोटं कशाला बोलू? पहिला विचार मनात काय आला? की हा माणूस माझ्यावर जळतोय! माझ्यावर! अहो, अंगावरून मोरपीस फिरलं... आणि लगेच इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

म्हटलं, "उठा. श्वास घ्या, पण डॉक्टरांपाशी जाऊन घ्या. आणि घरी ताईंना आत्ताच्या आत्ता सांगायचं, नाहीतर मी सांगतो." उठेनात. शेवटी मी खाली वाकून त्यांच्या पायांत बूट चढवले, नाड्या बांधल्या, तेवढं मला येतं, आणि घरी नेलं. ताई आधी रडल्या, मग साडूंना असं काही झापलं की वर्गातल्या बाईंचा तो मऊ आवाज त्यापुढे फिका! दुसऱ्या दिवशी भरती केलं, नळी मोकळी झाली, सगळं नीट पार पडलं. दवाखान्याच्या खाटेवर साडू चक्क घोरत होते. ऐकून बरं वाटलं हो, मनापासून.

आमची बायको खाटेपाशी उभी. डोळ्यांना पदर. म्हटलं, आज तरी माझ्याबद्दल एक शब्द निघेल...

तर वळली माझ्याकडे नि म्हणते, "बघा! एवढं मोठं दुखणं, पण भाऊजींनी कुणाला कळूसुद्धा दिलं नाही. नाहीतर तुम्ही! एक पाठ दुखते, तर सगळ्या गल्लीला माहीत!"

आता बोला... माणूस आजारातसुद्धा माझ्या वरचढ निघाला!