आभाळ नावाचा रकाना

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, सकाळचं दूध घालून तशाच इकडे आलेल्या माझ्या माता-भगिनी, जागा नसल्यानं भिंतीला टेकून उभे असलेले सभासद, आणि आजचे सत्कारमूर्ती, आपल्या दूध संस्थेचे निवृत्त होणारे सचिव मुनव्वरभाई व आमिनाभाभी,

मुनव्वरभाईंनी संस्थेचा हिशेब किती चोख ठेवला, हे बाकीचे वक्ते सांगतीलच. मी आमच्या घरातलं सांगणार आहे. दूध मोजून झालं, की मुनव्वरभाई बायकांना संस्थेच्या कॉम्प्युटरसमोर बसवायचे आणि घरखर्चाची एक्सेल शीट शिकवायचे. किराणा, दवाखाना, पेंड, प्रत्येकाला एक रकाना. बेरीज मशीनच करतं म्हटल्यावर बायका खूश. आमच्या वच्छलावहिनीही जायच्या.

त्या शिकायला लागल्या, त्याच साली दुष्काळ पडला. वहिनींची लेक अयोध्या तेव्हा अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती. शीटमधली शिल्लक एक, पैशाच्या डब्यातली दुसरीच. आमचे थोरले बंधू राधाकिशनअण्णा समोरच बसलेत, रागावू नका अण्णा, त्यांनी शीटमधला सगळ्यात मोठा आकडा पाहिला. होस्टेलचा. म्हणाले, "पैसा हितंच जातोय. पोरीला माघारी आणतो." सकाळची एसटी ठरली. अण्णांपुढं घरात कुणाचं चालतं का?

वहिनी डोळे पुसत संस्थेत आल्या. मुनव्वरभाईंनी शीट वरून खाली पाहिली आणि विचारलं, "भाभी, ह्याच्यात टँकर कुठंय?"

"त्यो न्हाई लिवला," वहिनी म्हणाल्या. "पाण्याचे पैसे लिवले, तर दारात आलेल्याला तांब्या कोणत्या तोंडानं देऊ?"

श्रोतेहो, मी शेजारीच होतो. मुनव्वरभाई हसले नाहीत. "बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "पाणी नका लिवू. रकान्याला आभाळ नाव द्या. त्यानं जे दिलं न्हाई, ते तिथं लिवू."

वहिनींनी आकडे भरले. आभाळाचा खर्च होस्टेलच्या कितीतरी वर गेला. अण्णांना बोलावून दाखवलं, तर त्यांनी बोट ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहिले. एसटीत बसणं राहिलं ते राहिलंच. मग गल्लीतल्या घरांनी आपापले टँकर बंद केले आणि संस्थेमार्फत मिळून एकच मोठा आणायला सुरुवात केली. तो स्वस्त पडला आणि अयोध्येचं शिक्षण पार पडलं.

परवा तिचा बीडच्या दवाखान्यातला पहिला पगार आला. वहिनी तडक संस्थेत. म्हणाल्या, "भाऊ, तुमी जायच्या आधी एवढी एक नोंद तुमच्या हातानं करा." लेकीचं नाव आमच्या घराण्यात आजवर फक्त खर्चाच्या बाजूला लागलं होतं. मुनव्वरभाईंनी 'जमा'खाली टाइप केलं, 'अयोध्या राधाकिशन'. अण्णा मला म्हणाले, "मोहन, तू वाच बरं. मला दिसंना." मलाही दिसत नव्हतं, हे आज सर्वांसमक्ष सांगतो.

मुनव्वरभाई, परभणीला मुलाकडे सुखानं राहा, पण हे घर तुमचंच आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, किंवा घरचंच जास्त बोललो असेन, तर आपला माणूस समजून पोटात घाला. आपण शांतपणे ऐकलंत, मी आपला ऋणी आहे.