बाबांचं निदान

तुमच्या गाडीचं राहू दे, आमच्या बाबांच्या गाडीचं ऐका. सोळा वर्षांची छोटी गाडी, राजाजीनगरजवळच्या फ्लायओव्हरवर चढताना मध्येच दम सोडायची. रोज नाही, कधीतरीच. मागून हॉर्न वाजायचे आणि बाबा शांतपणे म्हणायचे, "इंधनपुरवठ्यात अडथळा आहे." जन्म सरकारी प्रयोगशाळेत इंजिनं तपासण्यात गेला, त्यांच्यापुढे बोलणार कोण?

गॅरेजवाल्या मंजुअण्णाने फिल्टर बदलला, पंप बदलला. त्याच्या हातात गाडी पळायची, आमच्या हातात आली की पुन्हा रडायची. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, कशालाही हात न लावता आधी चालवून बघा."

आम्हाला मागे बसवून तो निघाला आणि फ्लायओव्हरवर त्याच्या हातातही गाडी मरगळली. पूल उतरून त्याने ती कडेला घेतली, वाकला, आणि अॅक्सिलरेटरखालून सतरंजीचा तुकडा ओढून काढला. नवी मॅट मळू नये म्हणून बाबांनीच तो वर अंथरला होता. सरकत सरकत पेडलखाली जायचा. गॅरेजमध्ये अण्णा आधी मॅटबिट काढून ठेवायचा, म्हणून तिथे गाडी ठणठणीत.

"सर, पेडल खालपर्यंत जातच नव्हतं की."

बाबांनी सतरंजी झटकून घडी घातली.

"मी पहिल्या दिवसापासून काय सांगतोय? इंधनपुरवठ्यात अडथळा."