अंधारातल्या दोन बाटल्या

बसच्या रांगेत माझ्यामागे एक संशोधक मुलगी आणि तिचे वडील बोलत होते.

"बाबा, शनिवारी प्रयोगशाळेतला दिवा तुम्ही लावलात?"

"हो. तुला न्यायला आलो, तर दोन्ही बाटल्या अंधारात. हिरवं काही अंधारात जगतं का?"

"तेच तर बघायचं होतं! हे जिवाणू उजेडावर जगतात. साखर त्यांना आत घेता येत नाही. म्हणून एका बाटलीतल्यांना परक्या जिवाणूचं जनुक दिलं. त्यामुळे साखरेला आत यायला दार झालं."

"आणि दुसऱ्या बाटलीतल्यांना?"

"दार नाही. ते साखरेत बसून उपाशी राहायला हवे होते."

"राहिले?"

"कसले राहतात! तुमच्या उजेडावर दोन्ही बाटल्या सारख्याच हिरव्यागार झाल्या."

"मग छान झालं की."

"फरक दिसला असता तर छान. उद्या सरांना तोच दाखवायचा होता. महिन्याभराची मेहनत वाया गेली, बाबा."

"मी येतो सांगायला."

"सर फार ओरडतात."

"ओरडू देत मला. मला तसंही कमी ऐकू येतं."