एकोणिसाव्या चौकोनातलं पाणी

नाही गं, तिथं जमिनीखाली झरा-बिरा काही नाही — किती वेळा तेच विचारशील? बस आधी. त्या फायली ठेव खाली कुठंही. तुझ्या प्रबंधाच्या परीक्षकानं विचारलंय म्हणालीस ना, एकोणिसाव्या चौकोनातच मातीला ओल कशी? सांगते. अख्ख्या शहरात आपले चाळीस चौकोन — दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागी जायचं, झाडाचा घेर मोजायचा, माती उकरायची, पक्षी मोजायचे, आणि माणसंसुद्धा — कुठलं दुकान बंद पडलं, कुठला नळ तुटला, सगळं. सव्वीस वर्षं करतेय मी हे. ज्यांनी हे काम सुरू केलं ते मोठे सर म्हणायचे, शहराकडे जंगलासारखं बघा, एका वर्षात काही कळणार नाही, पंचवीस वर्षं दम धरा. आणि नियम एकच — हात लावायचा नाही. वाळतंय? वाळू दे. मरतंय? मरू दे, तारीख लिहा. आपण शेजारी, डॉक्टर नव्हे.

आणि पाळला मी तो. बत्तिसाव्या चौकोनात चिमणीचं पिल्लू खाली पडलं, मांजर येताना दिसत होतं — मी वहीत वेळ लिहिली. घरी येऊन घास उतरला नाही, पण लिहिली.

मग आमच्या ह्यांना दम लागायला लागला. घर पत्र्याचं, दुपारी नुसती भट्टी, म्हणून ह्यांना धरून धरून त्या झाडाखालच्या बाकावर न्यायची — दवाखान्याच्या मागच्या भिंतीचं झाड, तेच, एकोणिसाव्या चौकोनातलं. त्याच वर्षी तिथं पार बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं. ह्याच जातीची आणखी बारा झाडं अशीच सिमेंटात अडकली होती, दोन-तीन उन्हाळ्यांत सगळी गेली, माझ्याच हातच्या नोंदी आहेत. ह्याचीही पानं करपायला लागली. तर हे वर बघून म्हणतात, आमच्या दोघांत आधी कोण जातंय ते वहीत लिहून ठेव. चेष्टेखोरच होते. मला नाही सहन झालं. कपडे खळबळलेलं पाणी असायचंच — दोन बादल्या, एक दिवसाआड, भिंतीजवळच्या फटीत.

अशी काय बघतेस? दोन बादल्यांनी काय होतंय, असं मीही म्हणायचे. होतं. झाड जगलं. हे नाही जगले, दुसऱ्याच उन्हाळ्यात गेले. मग तरी थांबावं की नाही? थांबायला हवं होतं. अकरा उन्हाळे घालतेय. कोणासाठी ते विचारू नकोस — बंद केलं असतं ना, तर त्यांना मीच दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं झालं असतं.

वाटलं, चाळिसातला एक चौकोन, कोणाच्या डोळ्यांवर येणार? आणि तू आलीस, हुशार बाई, नेमका तोच उचललास. सिमेंटात हे झाड तगायला शिकतं, म्हणे — तुझा प्रबंध, आणि पहिल्याच पानावर माझे आभार. हसावं की रडावं कळेना. काल पेपरात वाचलं, टेकडीपलीकडच्या नव्या वसाहतीत हीच सहा हजार झाडं लावणार आहेत, सिमेंटात, पाण्याची सोय न करता — गरजच नाही, अभ्यासानं सिद्ध झालंय. कसला अभ्यास, माझ्या बादल्या त्या. तिथंही कोणी दम लागणारं माणूस असेल ना, सावली मिळेल म्हणून घर घेतलेलं? तीन उन्हाळ्यांत खराटे उभे राहतील रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. झोप लागत नाही मला.

पेन का थांबलं तुझं? — कळतंय. तुझी पदवी अडकणार, माझी सव्वीस वर्षं मातीत जाणार, आणि सर असते तर त्यांनी माझं तोंड बघितलं नसतं. पण अगदीच लबाड नाही गं मी. कपाट उघड, खालचा कप्पा, निळी वही. प्रत्येक बादलीची तारीख आहे त्यात. हात लावला, पण लिहून ठेवलं — इतक्या वर्षांची खोड, ती जाते होय? एक खेप गाळलेली नाही. हे गेले त्या दिवशीचीसुद्धा नोंद आहे. दोन बादल्या.

नाही, विचार करून उद्या येते म्हणू नकोस. उद्यापर्यंत मी ती जाळूनही टाकेन, माझा मलाच भरवसा नाही. आत्ता घे, परीक्षकाच्या हातात दे. चहा राहू दे. जा म्हणते ना.