शिशाचं पथ्य

बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाचा विक्रम करायला आलेल्या गाड्यांच्या तपासणीची रांग लागली होती. नवऱ्यासाठी उकडलेल्या भाज्यांचा डबा घेऊन अर्लीन त्याच्या गाडीमागे पोचली, तेव्हा ड्वेन मित्राशी बोलत होता.

"मोठं इंजिन घातलं, तर मिठावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. म्हणून मागे वजनाला शिसं भरलं."

"मग?"

"मग गाडी जड झाली. इंजिनाला ओढवेना."

"म्हणून आणखी मोठं इंजिन."

"तुला कुणी सांगितलं?"

"अकरा वर्षं हेच बघतोय, लेका. तू मात्र निम्मा झालास."

"बायकोनं उकडलेलं खायला घालून चाळीस पौंड उतरवले."

"चला, गाडी तेवढी हलकी झाली."

"छे. तेवढं शिसं वाढवलं."

अर्लीन तशीच मागे फिरली आणि बर्गरच्या गाडीपाशी थांबली.

"चार बांधा, डबल चीज घालून. गाडीत वजन भरायचंय."