मोटरहोमची मागची काच फोडल्याबाबत

जबाब देणार: वायरिंगवाली ताई म्हणून ओळखली जाते, वय ५४ वर्षे, धंदा गाड्यांच्या वायरिंगचे दुकान, राहणार बस डेपोच्या मागे, दुकानाच्या वरच्या मजल्यावर.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी एकटी राहते व एकतीस वर्षे हा धंदा करते. माझ्याविरुद्ध तक्रार देणारे गृहस्थ माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान आहेत. ते विमा कचेरीतून निवृत्त झाले. त्यांना सगळे प्रोफेसर म्हणतात. ते कुठल्याही कॉलेजात नव्हते. समोर कोणी उभे राहिले की शिकवायला लागतात, म्हणून म्हणतात.

निवृत्तीनंतर त्यांनी जुनी मिनीबस घेऊन तिचे मोटरहोम केले. आत पलंग, ओटा, फ्रिज व संडास आहे. त्यातून दोघांनी वर्षभर फिरायचे, असे त्यांनी ठरवले. बहिणीला गाडी लागते. लग्नाला तेहतीस वर्षे झाली तरी हे त्यांना माहीत नव्हते, किंवा होते.

टपावर त्यांनी चार सोलर पॅनेल बसवली आणि गाडीच्या बॅटरीपर्यंतचे वायरिंग मोबाइलवरचे व्हिडिओ बघून स्वतःच केले. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास बहिणीने मला फोन केला. "तू नुसती नजर टाकून जा," एवढेच ती म्हणाली.

मी नजर टाकली. चारही पॅनेल एकापुढे एक जोडलेली होती, म्हणजे चौघांच्या व्होल्टेजची बेरीज होऊन ते नव्वदच्या घरात जाणार. पॅनेल आणि बॅटरीच्या मधल्या कंट्रोलरवर पन्नासच्या वर देऊ नये असे ठळक छापलेले होते. बॅटरीला फ्यूज नव्हता. पलंगाखालून नेलेली वायर दारावरच्या घंटीला वापरतात तेवढी बारीक होती. ड्रायव्हरची केबिन फळी ठोकून वेगळी केलेली, त्यामुळे आत-बाहेर करायला दार एकच. त्याचे कुलूप विजेचे, तेही याच बॅटरीवर. हाताने उघडायचा आतला खटका त्यांनी काढून टाकला होता, कारण तो दिसायला बरा नव्हता. पॅनेलचा शेवटचा जोड तेवढा लावायचा राहिला होता.

मी विचारले, "प्रोफेसर, फ्यूज कुठे आहे?"

ते म्हणाले, "ताई, फ्यूज जुन्या पद्धतीत लागायचा. ही सिस्टिम स्मार्ट आहे. तुमचं हॉर्न-हेडलाइटचं काम वेगळं, हे वेगळं."

मी म्हणाले, "एवढ्या वायरवर माझा हॉर्नसुद्धा वाजत नाही."

पक्कड माझ्या खिशात होती. ती वायर तिथेच कापावी म्हणून मी खाली वाकले. बहिणीने माझा दंड धरला. "राहू दे गं ताई. शेजारी बघतायत. त्यांचा पाणउतारा नको." मी उठले आणि दुकानात परत आले.

रविवारी दुपारी एक वाजता प्रोफेसरांनी उद्घाटन ठेवले. शेजारचे सात-आठ जण होते. मला बोलावले नव्हते. मी गेले. गाडी अंगणात भर उन्हात उभी होती. दार बंद, बहीण आत. जोडणी झाली की दार आपोआप उघडायचे आणि तिने चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायचे, असा कार्यक्रम होता. प्रोफेसर सूर्य या विषयावर सुमारे वीस मिनिटे बोलले. मग त्यांनी बाहेरच्या खोक्यातला शेवटचा जोड लावला.

आधी फट्ट असा आवाज आला. मग पलंगाखालून धूर निघाला व गादीच्या फोमने पेट घेतला. आतले दिवे गेले, कुलूप होते तिथेच अडकले. बहीण आतून दार वाजवू लागली. प्रोफेसरांनी दाराला रिमोट दाखवला. पुन्हा दाखवला. नंतर त्यांनी माहितीपुस्तक उघडले व पान शोधायला घेतले.

मी माझ्या टेम्पोतून चाकाचा पाना आणला. "ताई, काच नको! ती मागवायला दोन महिने लागतात!" असे ते ओरडले. हे तिथल्या सगळ्यांनी ऐकले आहे. दार वाजायचे तोवर थांबले होते. मी तीन घाव घातले.

त्यानंतरचे मला क्रमाने आठवत नाही. बहीण अंगणात होती आणि कोणीतरी तिच्या तोंडावर पाणी मारत होते. मी केबल कापली, टपावर चढून पॅनेलवर जाड रजई टाकली. ऊन पडत असेपर्यंत पॅनेल वीज बनवत राहतात, सूर्याला स्विच नसतो. हे वीस मिनिटांच्या भाषणात आले नव्हते.

तक्रारीत लिहिले आहे की मी काच फोडली, केबल तोडली व त्यांना ढकलले. तिन्ही खरे आहे. ढकलले, कारण ते मी आणि खिडकी यांच्या मध्ये उभे होते. तक्रार मला वाचून दाखवली. त्यात माझ्या बहिणीचे नाव साक्षीदार म्हणून एकदा आले आहे. दुसरीकडे कुठे आलेले नाही.

बहीण तीन दिवस दवाखान्यात होती. परवापासून ती माझ्याकडे आहे. धुराने घसा धरला आहे, आठवडाभर अजिबात बोलायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. प्रोफेसर संध्याकाळी येऊन दुकानासमोर उभे राहतात. वर येत नाहीत. ती खिडकीतून बघते. तिचा आवाज परत आल्यावर तिचा जबाब जरूर घ्यावा. ती काय सांगेल ते मला माहीत नाही. तिच्या उशाशी वही-पेन ठेवलेले आहे, पाणी हवे, दिवा बंद कर, असे ती लिहून सांगते. जबाबात काय सांगणार, हे मी तिला विचारलेले नाही.

वरचे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे, त्यात कमी-जास्त काही नाही. हाताला टाके असल्याने सही वाकडी आली आहे, पण ती माझीच आहे.